ओपीडीतला फिजिशियन डोंगरात नेमकं काय करतो? (एमडी मेडिसिन, प्राथमिक सेवा आणि वाइल्डरनेस मेडिसिन, म्हणजे दवाखान्यापासून लांब डोंगर-रानातलं वैद्यक)

रानवैद्य:

गेल्या काही महिन्यांत चार-पाच ज्युनियर मुलामुलींनी एकच प्रश्न विचारला, की सर तुम्ही जनरल मेडिसिनची ओपीडी चालवता, बीपी-शुगर-थायरॉइडचे तेच पेशंट वर्षानुवर्षं बघता आणि मग वर्षातले सहा-आठ आठवडे मोहिमेचा डॉक्टर म्हणून डोंगरात जाता, तर या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध काय. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही त्यांचं म्हणणं मांडता येईल.

एमडी झाल्यावर बॅचमधले निम्मे कार्डिओ, गॅस्ट्रो, नेफ्रोला गेले. मला एका अवयवापुरतं राहायचं नव्हतं, मला अख्खा माणूस बघायला आवडायचा, त्याचं घर, त्याची झोप, तो गोळ्या खरंच घेतो की नाही, सगळंच. म्हणून प्राथमिक सेवेत राहिलो, त्याला आता सतरा वर्षं झाली. डोंगराची आवड आधीपासून होती पण ती वेगळ्या कप्प्यात होती, सुट्टीतली गोष्ट.

ते कप्पे एका रात्रीत एक झाले. साध्या ट्रेकर म्हणून एका ग्रुपबरोबर गेलो होतो, डॉक्टर म्हणून नाही. तीन हजार मीटरवरून दोन दिवसांत ४३०० वर चढवलं आम्हाला, जे फार घाईचं होतं. दुसऱ्या रात्री शेजारच्या तंबूत पन्नाशीचे एक गृहस्थ खोकत होते. सगळे म्हणत होते सर्दी आहे, उकळलेलं पाणी द्या, सकाळी बघू. मी सहज डोकावलो तर ते बसून होते, आडवं होता येत नव्हतं. मिनिटभर नुसते श्वास मोजले, ३४. बसल्या जागी, काही न करता ३४. ऑक्सिमीटर लावला तर रक्तातला ऑक्सिजन ६१ टक्के दाखवत होता, पण बोटं थंडगार होती आणि थंड बोटावर ते यंत्र खोटं बोलू शकतं म्हणून त्यांचे हात माझ्या काखेत धरून गरम केले आणि परत लावला, ६३. स्टेथो काढून उजव्या काखेखाली ठेवला तर बारीक कुरकुर, कानाजवळ चार केस बोटांत चोळल्यावर येतो ना तसा आवाज. डावीकडे जवळपास स्वच्छ.

वॉर्डात फुप्फुसात पाणी भरलेले पेशंट मी दर आठवड्याला बघायचो. हात सवयीने लॅसिक्सकडे, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणाऱ्या औषधाकडे गेले असते. पण हे हार्ट फेल्युअर नव्हतं, हृदय ठीक होतं. उंचीवर ऑक्सिजन कमी झाला की फुप्फुसातल्या धमन्या आवळल्या जातात, पण सगळीकडे सारख्या नाही, काही ठिकाणी जास्त काही ठिकाणी कमी, आणि जिथे आवळलेल्या नसतात तिथल्या केशवाहिन्यांवर सगळा दाब पडतो आणि त्या गळायला लागतात. यालाच हेप म्हणतात, हाय अल्टिट्यूड पल्मनरी एडिमा. माणूस मुळात पाण्याला कमी पडलेला असतो, त्यात लॅसिक्स दिलं तर अजून कोरडा पडतो. इलाज ऑक्सिजन आणि खाली उतरवणं. लीडरचं म्हणणं होतं अंधारात धोका आहे, उजाडल्यावर निघू. त्यांची बाजूही खोटी नव्हती, वाट खरंच वाईट होती. पण ३४ वाला श्वास सकाळपर्यंत थांबेल असं मला वाटेना. शेवटी हेडटॉर्च लावून, त्यांना पाठीवर आळीपाळीने घेऊन निघालो. चालवायचं नाही म्हणून पाठीवर, कारण श्रम केले की धमन्यांमधला दाब अजून चढतो. नऊशे मीटर खाली आलो तेव्हा फटफटत होतं आणि ते गृहस्थ न थांबता पूर्ण वाक्य बोलले. काय बोलले तर, "माझा चष्मा वर राहिला."

पण मला खरी टोचणी लागली ती नंतर. बोलता बोलता कळलं की निघायच्या तीन दिवस आधी त्यांना ताप आणि खोकला होता, आणि त्यांच्या फिटनेस फॉर्मवर सही होती ती अशा डॉक्टरची ज्याने त्यांना कधी तपासलंच नव्हतं. नुसता फॉर्म पाठवला आणि सही होऊन आला. श्वसनमार्गाचा ताजा संसर्ग असताना वर गेलं तर हेपची शक्यता वाढते. म्हणजे त्या रात्रीची सुरुवात तंबूत नाही, ओपीडीत झाली होती, किंवा न झालेल्या ओपीडीत. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की वाइल्डरनेस मेडिसिनचं निम्म्याहून जास्त काम निघण्याआधी, खुर्चीत बसून, समोरच्याला नीट प्रश्न विचारण्यात आहे. आणि ते फिजिशियनचं काम आहे.

तुमचे अनुभव, शंका, मतभेद सगळं लिहा.

इंटर्न_चालू_आहे:

सर खूप छान लिहिलंय, रात्रीचं वाचताना अंगावर काटा आला. माझा प्रश्न असा की मला हे करायचंय पण सगळे सांगतात इमर्जन्सी मेडिसिन घे, कारण वाइल्डरनेस मेडिसिनच्या फेलोशिप जास्त करून इमर्जन्सीवाल्यांसाठीच असतात आणि मेडिसिन घेतलं तर हाड बसवणं, टाके, खांदा निखळलेला परत बसवणं यातलं काहीच हाताला लागणार नाही. मग मेडिसिन घेऊन चूक होईल का?

सुईधागा:

मी ऑर्थोत आहे आणि थोडं परखड लिहितो, राग नसावा. डोंगरात माणूस मरतो तो पडून, दगड लागून, हिमस्खलनात. तिथे ट्रॉमा कळणारा माणूस हवा. खांदा निखळला तर फिजिशियन काय करणार, एक्स-रेची वाट बघणार का? पायाचा घोटा सुजलाय तर मोडलाय की मुरगळलाय हे ठरवायला रोज हाडं हाताळलेला हात लागतो. मेडिसिनवाल्यांनी जरूर यावं पण मुख्य जागा त्यांची नाही असं माझं स्पष्ट मत.

रानवैद्य:

@सुईधागा, राग अजिबात नाही, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे आणि मला ते शिकावं लागलं. एमडी झालो तेव्हा मला खांदा बसवता येत नव्हता. ऑर्थोच्या मित्राबरोबर सुट्टीच्या दिवशी कॅज्युअल्टीत उभा राहून शिकलो, स्प्लिंट बांधायला शिकलो, टाके परत हातात बसवले. वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डरचा आठ-दहा दिवसांचा कोर्स केला तेव्हा माझ्या शेजारी एक गिर्यारोहण शिकवणारी मुलगी होती, डॉक्टर नव्हती, पण ट्रेकिंगच्या दोन काठ्या आणि स्लीपिंग मॅटमध्ये मोडलेला पाय बांधण्यात ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होती. तिच्याकडून शिकलो. घोट्यासाठी ओटावाचे नियम आहेतच, १९९२ पासून, हाडाच्या ठरावीक जागा दाबून बघायच्या आणि चार पावलं टाकता येतात का बघायचं. एक्स-रे लागेल का हे ठरवायला ते केले होते, पण जिथे एक्स-रेच नाही तिथेही निर्णयाला फार आधार होतो.

पण माझ्या वह्या उघडल्या तर त्यात काय दिसतं ते सांगतो, कारण प्रत्येक मोहिमेत मी प्रत्येक तक्रार लिहून ठेवतो. पायाचे फोड. जुलाब. खोकला, कोरड्या हवेने घसा सोलवटून काढणारा खोकला. डोकेदुखी, जी नव्वद वेळा साधी असते आणि एखाद्या वेळी नसते. झोप नाही. बीपीच्या गोळ्या घरी विसरल्या. गोळी घेतली पण उलटी झाली, परत घेऊ का. पाळी लवकर आली. दातदुखी. वडील घरी आजारी आहेत म्हणून मन लागत नाही, छातीत धडधडतंय. ही यादी वाचल्यावर सांगा, ही कुठल्या विभागाची ओपीडी वाटते? आणि छातीत दुखणं, डोंगरात मध्यमवयीन पुरुष अचानक कोसळतात त्यात हृदय हे फार मोठं कारण असतं. आठवडाभर खुर्चीत बसणारा माणूस पहिल्याच दिवशी पाच तास चढतो, ती पहिल्या दिवसाची जोखीम मला दगडापेक्षा जास्त भीती घालते.

@इंटर्न, चूक होणार नाही. इमर्जन्सी घेतलंस तरी उत्तम, तिथे हात तयार होतो हे खरंय. वाइल्डरनेस मेडिकल सोसायटी १९८३ पासून आहे, तिची अकॅडमी फेलोशिप कुठल्याही शाखेच्या डॉक्टरला करता येते, नर्सेस आणि पॅरामेडिकही करतात. डोंगराचाच ध्यास असेल तर माउंटन मेडिसिनचा डिप्लोमा आहे, १९९७ ला आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून ठरवलेला, त्यात दोर आणि बर्फावरचं प्रत्यक्ष कामही येतं. मात्र एक सांगतो, कोर्स नंतर. आधी तीन वर्षं वॉर्डात नीट घालव. रात्री तीन वाजता बेडशेजारी उभं राहून "हा पेशंट मला बरा वाटत नाहीये" हे ओळखायची जी नजर येते ना, रिपोर्ट यायच्या आधी, ती कुठल्याच कोर्समध्ये मिळत नाही आणि वर तुझ्याकडे तेवढंच असणार आहे.

जुनी_वही:

या विषयाचा इतिहासच रानवैद्यांच्या बाजूचा आहे म्हणून लिहिते. हेप इंग्रजी वैद्यकात ज्यांनी ठळकपणे मांडला ते चार्ल्स ह्यूस्टन इंटर्नल मेडिसिनचेच डॉक्टर होते. १९३८ ला के-टूवर, म्हणजे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर मोहीम घेऊन गेले, १९५३ ला परत गेले. त्या दुसऱ्या मोहिमेत साडेसात हजार मीटरच्या वर वादळात तंबूत अडकलेले असताना आर्ट गिल्की नावाच्या सहकाऱ्याच्या पायात रक्ताची गुठळी झाली. ह्यूस्टननी ओळखलं आणि गुठळी फुप्फुसात गेली तर काय होईल हेही त्यांना माहीत होतं. शिखर सोडून सगळे जण गिल्कींना खाली आणायला निघाले. उतरताना एक घसरला, दोर एकमेकांत अडकून बाकीचे ओढले गेले आणि पीट शोनिंगनी एकट्याने बर्फात रोवलेल्या कुऱ्हाडीच्या आधाराने सगळ्यांना पेललं. गिल्कींना थोडा वेळ उतारावर बांधून ठेवलं होतं, परत जाऊन बघितलं तर ते तिथे नव्हते, बहुतेक हिमस्खलन.

तर हेच ह्यूस्टन नंतर कोलोरॅडोत अ‍ॅस्पेनला साधी प्रॅक्टिस करत होते. तिथे एक ठणठणीत तरुण स्कीअर त्यांच्याकडे आला, फुप्फुसात पाणी, सगळ्यांना न्यूमोनिया वाटावा असं चित्र. त्यांनी ते १९६० ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडलं. पेरूच्या डॉक्टरांनी स्पॅनिशमध्ये हे त्याआधी लिहिलं होतं, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं, पण ते बाहेर फारसं कुणी वाचलं नव्हतं. मग १९६९ ला इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पेपर त्याच जर्नलमध्ये आला, हिमालयात उंचीवर नेलेल्या १९२५ भारतीय सैनिकांच्या नोंदींवर. उंचीच्या आजाराचा अभ्यास करणाऱ्याला तो पेपर आजही वाचावा लागतो. हे सगळे वॉर्डात पेशंट बघणारे लोक होते.

चंदनवेल:

जुनी_वही ताई, मस्त. यात मला डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव जोडायचंय. ते डोंगर चढायला गेले नव्हते, पण अरण्यातलं वैद्यक म्हणजे साधनं नसलेल्या जागचं वैद्यक असं धरलं तर त्यांच्यासारखं उदाहरण नाही. महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचवाच्या दंशाची माणसं, लहान मुलं, फुप्फुसात पाणी होऊन जात होती. ते रात्ररात्र पेशंटच्या उशाशी बसून घाम, नाडी, बीपी, हातपाय गार पडणं असं सगळं टिपत राहिले, १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि पुढे प्राझोसिन वापरून त्यांनी मृत्यू कितीतरी खाली आणले. २०२२ ला पद्मश्री मिळाली.

आणि एक गोष्ट बघा, प्राझोसिन ही मुळात बीपीची गोळी. रानवैद्य ज्या हेपबद्दल लिहितायत त्यात ऑक्सिजन नसेल तर जी वापरतात ती निफेडिपिन, तीही बीपीचीच गोळी. दोन्ही ठिकाणी फुप्फुसात पाणी, दोन्ही ठिकाणी औषध फिजिशियनच्या रोजच्या ड्रॉवरमधलं. फक्त नेमकं काय बिघडलंय हे कुणीतरी पेशंटजवळ बसून बघितलं म्हणून ते सापडलं.

रानवैद्य:

@चंदनवेल, ही तुलना माझ्या कधी डोक्यात आली नव्हती आणि आता जाणार नाही. दोन्हीकडे पाणी तेच, कारण वेगळं, आणि कारण वेगळं म्हणून औषध वेगळं. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचं वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो. उंचीवर आवळतात त्या फुप्फुसातल्या. ज्युनियर मुलांना मी आता असंच शिकवणार.

मधुर_पण_सावध:

मी डॉक्टर नाही, टाइप १ डायबेटिक आहे, वय ३८, इन्सुलिनवर. मला पहिल्यांदा उंचावर जायचंय आणि दोन डॉक्टरांनी ऐकून घ्यायच्या आधीच नाही म्हणून सांगितलं, एकाने तर मान वर करून बघितलंही नाही. माझी शुगर नीट असते, मी रोज मोजते. खरंच जाऊ नये का? आणि गेलं तर काय सांभाळायचं?

रानवैद्य:

@मधुर_पण_सावध, ताई, तुम्हाला असं उत्तर मिळालं याचं वाईट वाटलं. टाइप १ असलेली माणसं आठ हजार मीटरची शिखरंही चढली आहेत. नाही म्हणणं सोपं असतं कारण नाही म्हटल्यावर डॉक्टरला अजून अर्धा तास बसावं लागत नाही. तो अर्धा तास काय असतो ते लिहितो, पण शेवटचा निर्णय तुम्हाला प्रत्यक्ष तपासणाऱ्याबरोबरच घ्या.

आधी डोळ्यांचा पडदा, किडनी, पायांची संवेदना आणि हृदय बघून घ्यायचं. पडद्यावर आधीच रक्तस्राव होणारा आजार असेल तर उंचीवर त्रास वाढू शकतो. हे ठीक असेल तर पुढचं बोलू.

इन्सुलिन गोठलं की गेलं, वितळल्यावर दिसायला नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही. सॅकमध्ये ठेवायचं नाही, अंगाला लागून आतल्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. सगळा साठा एका ठिकाणी नको, निम्मा बरोबरच्या भरवशाच्या माणसाकडे, तोही अंगाजवळ. ग्लुकोमीटरही थंडीत एरर दाखवतो किंवा चुकतो, तो आणि स्ट्रिप्स पण खिशातच. दिवसभर चालण्याने शुगर उतरते आणि त्याचा परिणाम त्या दिवसापुरता नसतो, पहाटेपर्यंत उतरत राहते, त्यामुळे झोपायच्या आधीचं रीडिंग चुकवायचं नाही. उलट उंचीवर भूक मरते, ताण असतो, मग कधी चढतेही. म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजायचं.

आणि हे तुमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला पाठ करायला लावा: डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं, गोंधळल्यासारखं वागणं, ही लक्षणं उंचीच्या आजाराचीही आणि शुगर उतरल्याचीही. तुम्ही अशा दिसलात की पहिल्यांदा शुगर मोजायची. मोजता येत नसेल आणि तुम्ही गिळू शकत असाल तर आधी साखर द्यायची, चर्चा नंतर.

अजून एक, वाचणाऱ्या टाइप २ वाल्यांसाठी. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यातली गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना मुद्दाम विचारा. कमी खाणं, कमी पाणी आणि भरपूर श्रम असं एकत्र आलं की या गोळ्यांवर किटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर त्रास होऊ शकतो, आणि फसवं म्हणजे शुगर फारशी चढलेली नसताना होतो. वर कुणालाच संशय येत नाही, सगळे म्हणतात उंची लागली.

वाट_दाखवतो:

नमस्कार डॉक्टर. मी बारा वर्षं ग्रुप घेऊन जातोय. वरच्या गोष्टीतला लीडर मीही असू शकलो असतो हे कबूल करतो. आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं हो. क्लायंट म्हणतो ठीक आहे, डोकं थोडंसंच दुखतंय, तो खोटं बोलतोय हे कळतं पण त्याने सुट्टी काढलेली असते, पैसे भरलेले असतात, आणि मी थांबवलं तर सगळा ग्रुप माझ्यावर चिडतो. मी नेमकं काय बघायचं? मशीनवरचा आकडा किती असला की खाली न्यायचं?

रानवैद्य:

@वाट_दाखवतो, दादा तुम्ही हे लिहिलंत हे फार मोलाचं आहे. तुमचा प्रश्न धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे कारण बहुतेक ग्रुपबरोबर डॉक्टर नसतोच, तुम्ही असता.

आकड्यावर जाऊ नका. एकाच तंबूत एकाचा ७८ आणि तो मजेत, दुसऱ्याचा ८६ आणि तो आजारी, असं मी बघितलंय. माणूस बघा. उंचावर नव्याने पोचल्यावर डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, थकवा, गरगरणं यातलं काही असेल तर तो उंचीचा आजार, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. लेक लुईस स्कोअर म्हणून जी गुणपद्धत आहे तीही हेच विचारते. पूर्वी त्यात झोपेचाही गुण होता, २०१८ च्या सुधारणेत तो काढला कारण उंचीवर झोप सगळ्यांचीच बिघडते. सौम्य त्रास असेल तर तिथेच थांबायचं, वर चढायचं नाही, एवढं केलं तरी बहुतेक लोक दिवस-दोन दिवसांत बरे होतात.

मग दोन गोष्टी अशा की ज्या दिसल्या तर वाद नाही. एक, बसल्या जागी दम. दुसरी, तोल जाणं. जमिनीवर सरळ रेघ ओढा आणि टाचेला अंगठा लावत चालायला सांगा, दारू न पिता जो डुलतो त्याच्या मेंदूला सूज येतेय असं धरा. त्याला एकटं सोडायचं नाही आणि रात्र असली तरी वाट असेल तर खाली. डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारं औषध), ऑक्सिजन, हवेच्या दाबाची पिशवी (माणसाला आत ठेवून हवा भरायची, म्हणजे खाली उतरल्यासारखा दाब मिळतो) हे सगळं आहे पण ते वेळ मिळवून देतं, उतरण्याची जागा घेत नाही.

आणि हे होऊ नये म्हणून तुमच्या हातात जे आहे ते कुठल्याही डॉक्टरच्या हातात नाही, वेळापत्रक. तीन हजारच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस जास्तीचा मुक्काम. अ‍ॅसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा हे प्रतिबंधासाठी चांगलं औषध आहे पण ज्याला त्याला वाटायचं नाही, अ‍ॅलर्जी, किडनी, बाकीच्या गोळ्या बघून डॉक्टरने द्यायचं. क्लायंटच्या खोटं बोलण्याबद्दल, मी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगतो की डोकं दुखतंय म्हणणाऱ्याला मी लगेच खाली पाठवणार नाही, लपवणाऱ्याला पाठवीन. लोक खाली जायच्या भीतीने लपवतात. ती भीती काढली की सकाळी तंबूतून स्वतः सांगत येतात.

गारठा:

मी बचाव पथकात स्वयंसेवक आहे, थंडीचं थोडं लिहितो. गेल्या हिवाळ्यात एकाला आणायला गेलो, रात्रभर उघड्यावर होता. कुडकुडणं थांबलं होतं आणि जॅकेट त्याने स्वतःच काढून टाकलं होतं. आमच्यातला नवीन मुलगा म्हणाला कुडकुडत नाहीये म्हणजे बरा आहे. उलट आहे ते, शरीराची ताकद संपली की कुडकुडणं थांबतं. आम्ही ओले कपडे कापून काढले, खाली मॅट, वर कोरडी स्लीपिंग बॅग, त्यावर प्लॅस्टिक, छातीला आणि काखेत गरम पॅक कापडात गुंडाळून. हातपाय चोळले नाहीत. उभं केलं नाही. स्ट्रेचर आडवाच, धक्का न देता. आमच्या डॉक्टरनी आधी शिकवलं होतं की अंगाचं तापमान २८ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेल्या माणसाचं हृदय नुसत्या धक्क्याने थरथरायला लागू शकतं, म्हणून काच नेतोय असं न्या. नाडी बघायलाही पूर्ण मिनिट घेतलं, ती लागली, फार हळू होती.

तो वाचला. हे यासाठी लिहिलं की आम्हाला शिकवणारे डॉक्टर फिजिशियनच आहेत, महिन्यातून एकदा संध्याकाळी दवाखाना आटपून येतात.

जुनी_वही:

@गारठा, मिनिटभर नाडी बघितलीत हे फार योग्य केलंत. १९९९ ला नॉर्वेत अ‍ॅना बॅगेनहोम ही तरुण डॉक्टर स्कीइंग करताना बर्फाखालच्या प्रवाहात अडकली होती, ८० मिनिटं. बाहेर काढली तेव्हा हृदय बंद, आणि तिचं तापमान १३.७ पर्यंत उतरलं होतं. हॉस्पिटलमध्ये मशीनने रक्त गरम केलं आणि ती जगली, पुढे त्याच हॉस्पिटलमध्ये कामाला लागली. गार माणसाला गरम केल्याशिवाय मेला म्हणायचं नाही हे त्यामुळेच.

दोन_मुलांची_डॉक्टर:

एक व्यवहारी प्रश्न. मीही एमडी मेडिसिन, प्राथमिक सेवेतच. तुम्ही सहा-आठ आठवडे जाता तेव्हा तुमचे पेशंट कोण बघतं? माझे काही वयस्क पेशंट मी चार दिवस नसले तरी गोळ्या बंद करून बसतात. आणि घरचं? मला खूप इच्छा आहे पण दोन्हीकडे आपण कुणाला तरी टाकून जातोय असं वाटत राहतं.

रानवैद्य:

@दोन_मुलांची_डॉक्टर, हे माझ्याही पोटात आजपर्यंत टोचतं. सुरुवातीला मी नुसतं दारावर बोर्ड लावून जायचो. एकदा परत आलो तर कळलं की माझे एक जुने पेशंट, हार्ट फेल्युअरचे, पाय सुजले तरी "डॉक्टर आले की दाखवू" म्हणून अकरा दिवस थांबले आणि मग आयसीयूत गेले. वाचले. पण ते अकरा दिवस माझे आहेत, मी ते विसरत नाही.

त्यानंतर एका सहकाऱ्याबरोबर कायमची जोडी केली. ती नसताना मी, मी नसताना ती. नुसती फाइल देत नाही, जाण्याआधीचे दोन आठवडे अवघड पेशंट आम्ही दोघं एकत्र बघतो म्हणजे त्यांना तिचा चेहरा ओळखीचा होतो. हार्ट फेल्युअरवाल्यांना वजनाची वही दिली आहे, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट बघायची नाही, तिला फोन. हा नियम गंमत म्हणजे मी डोंगरात शिकलो. वर आपण लोकांना आधीच सांगून ठेवतो की अमुक झालं तर माझी वाट न बघता खाली निघा. तेच घरच्या पेशंटना कधी सांगितलं नव्हतं.

मुलं लहान असताना मी मोहिमा घेतल्या नाहीत. आठवड्याच्या शेवटी बचाव पथकाला शिकवणं, धावण्याच्या स्पर्धांना मेडिकल तंबू, एवढंच. आणि तेही कमी नाही बरं का. मॅरेथॉनच्या तंबूत उष्माघात बघितला की कळतं, चाळीसच्या वर तापमान आणि माणूस असंबद्ध बोलतोय, त्याला आधी बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवायचं आणि मग अ‍ॅम्ब्युलन्स. आणि शेजारच्या कॉटवर जो गोंधळलेला आहे तो कदाचित पाणी जास्त पिऊन सोडियम उतरलेला असतो, त्याला अजून पाणी पाजलं तर घात. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं. हे तुम्ही रविवारी सकाळी करून दुपारी घरी जेवायला येऊ शकता.

सुईधागा:

वाचत होतो. मागे घेतो असं नाही, ट्रॉमाचं माझं म्हणणं कायम आहे, पण रेघेवर चालायला लावायची गोष्ट मला माहीत नव्हती आणि मी पाच ट्रेक डॉक्टर म्हणून केलेत. पुढच्या वेळी फिजिशियन बरोबर असेल तर बरं. तुमच्या औषधांच्या पिशवीत काय असतं ते लिहाल का?

रानवैद्य:

@सुईधागा, पुढच्या वेळी एकत्रच जाऊ, खरंच सांगतो. पिशवीचा वेगळा धागा काढतो कारण ते जागा, दिवस आणि माणसं यावर बदलतं. पण एक सवय सांगतो. माझ्या पिशवीआधी मी प्रत्येकाची स्वतःची पिशवी उघडायला लावतो, निघायच्या आधी, ओपीडीत.

कालच एक आजी आल्या होत्या, ६८ वय, माझ्या चौदा वर्षांच्या पेशंट. नातीबरोबर ३८०० मीटरवरच्या एका तळ्यापर्यंत जायचंय. टेबलावर गोळ्या ओतल्या तर त्यात एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या निघाल्या, बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद करणारी बीपीची गोळी, दोन्ही रोज चालू. सहा महिने मला सांगत होत्या की जिना चढताना पाय ओढतात, आणि मी वयावर ढकललं होतं. नाडी ४६. एक पट्टी बंद केली. तळ्याचं अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही. दहा दिवसांनी बोलावलंय, तेव्हा दवाखान्याचे तीन मजले आम्ही दोघं बरोबर चढणार आहोत आणि वर गेल्यावर नाडी मोजणार आहोत.